तांदळाच्या डब्यातली हार्डडिस्क

बापूराव चहांदे गेल्यानंतर वर्षभरात वाटणी झाली, तेव्हा पंचांचा सगळ्यात जास्त वेळ धानाच्या बांधीनं घेतला नाही, घरानंही घेतला नाही. तो घेतला बापूरावांच्या कॉम्प्युटरनं. बांधी मोजता येते. घराला मधून भिंत घालता येते. कॉम्प्युटर मात्र अखंड वस्तू आहे की सुट्या भागांची, यावर पंचांत दोन मतं पडली, आणि जिथे दोन मतं पडतात तिथे दोन वाटे पडतात. थोरल्या राजदीपला मॉनिटर मिळाला, कारण तो टीव्हीसारखा दिसत होता आणि थोरल्याचा मान मोठा. धाकट्या कुलदीपला खालचा डबा मिळाला. कीबोर्ड आणि माउस सत्यशीलाबाईंच्या उदरनिर्वाहासाठी राखून ठेवण्यात आले. खुद्द सत्यशीलाबाईंचे सहा-सहा महिन्यांचे दोन वाटे पडले. मुलगी संघप्रिया हिनं हक्कसोडपत्रावर आधीच सही केली होती, त्यामुळे तिला वाटणीचा चहा मिळाला.

त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. तेवढीच वर्षं दोघा भावांच्या अबोल्याला झाली होती. कुलदीप चिमूरला सासुरवाडीच्या गावी शेती करायला गेला. आईची ने-आण चिमूर-नागभीड एसटीनं होई. तिला गाडीत बसवलं की एक मिसकॉल, उतरून घेतली की दुसरा. राजदीप पंचायत समितीत वरिष्ठ सहाय्यक होता आणि आवक-जावकीला पोच असावी, एवढंच त्याचं म्हणणं असे.

तर असा हा राजदीप शनिवारी सकाळी आठ वाजता नागभीडच्या आपल्या घराच्या फाटकात उभा राहून धाकट्या भावाची वाट पाहत होता. पायात चप्पल होती, अंगात इस्त्रीचा शर्ट होता, आणि 'ये' म्हणायचं की 'या' म्हणायचं, हे अजून ठरत नव्हतं.

ही वेळ त्याच्यावर त्याच्या मुलीमुळे आली होती. करिश्माला नागपूरला जनावरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला होता, पण तात्पुरता. जात पडताळणीचं प्रमाणपत्र दिलं की पक्का. समितीनं तिचं प्रकरण त्रुटी काढून परत पाठवलं होतं : एकोणीसशे पन्नासपूर्वीचा पुरावा सादर करावा. सोमवारी सुनावणी, आणि ती शेवटची. सोमवारी कागद नसेल तर सीट दुसऱ्या कोणाची.

राजदीपनं तो शेरा तीनदा वाचला. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या फायलींवर त्यानं असेच शेरे मारले होते, आणि असा शेरा पलीकडच्या बाजूनं कसा दिसतो याची त्याला आजवर कल्पना नव्हती.

अडचण अशी होती की त्याचे आजोबा झाडू चहांदे यांनी एकोणीसशे छप्पन साली जात सोडली. ती सोडल्याचे पुरावे घरात भरपूर होते, काही तर फ्रेम करून भिंतीवर लावलेले होते. समितीला मात्र ती आधी होती याचा पुरावा हवा होता. झाडू शाळेत गेलेच नाहीत. त्यांचे भाऊ गेले नाहीत. बापूराव गेले, पण बावन्न साली, म्हणजे दोन वर्षं उशिरा. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या कोतवाल बुकातली त्या काळची पानं वाळवीनं स्वतःच्या नावावर करून घेतली होती.

राजदीपनं पट्टी-पेन्सिल घेऊन वंशावळ मात्र देखणी काढली होती. वर झाडू, खाली बापूराव, त्याखाली राजदीप आणि कुलदीप, राजदीपच्या खाली करिश्मा. चार पिढ्यांत बाई एकच, आणि तीही अर्जदार असल्यामुळे टाळता न आलेली. या वंशावळीतली नावं घेऊन तो दोन शाळांत फिरला होता. बेलटोल्याच्या शाळेत, जिथे झाडूंचं बिऱ्हाड पूर्वी होतं, तिथले मुख्याध्यापक प्रफुल सर हात जोडून म्हणाले, "साहेब, चार गावच्या बंद शाळांचे रजिस्टरं माह्याच इथी आणून टाकले. तुमचे नावं मी पाह्यले, सापडले नाई. साल अन् दाखल नंबर सांगा, दोन मिन्टात काढून देतो. नुसतं शोधत बसलो तं पोरं कोण शिकवन, उंदरं?"

घरी येऊन राजदीपनं हे सांगितलं तेव्हा नूतन भाकरी थापत होती. ती न वळताच म्हणाली, "मामाजींनी काढले होते ना शाळांचे फोटो?"

राजदीपची बायको फार बोलत नसे, त्यामुळे ती बोलली की ऐकावं लागे. आणि खरंच, दोन हजार सहा साली धम्मदीक्षेला पन्नास वर्षं झाली, तेव्हा तिचे हे मामाजी, म्हणजे सासरे, निवृत्त गुरुजी बापूराव मागून आणलेला कॅमेरा गळ्यात घालून उन्हाळाभर गावोगाव फिरले होते. छप्पनच्या आधी आपल्या माणसांपैकी शाळेची पायरी कोण कोण चढलं, ते एका स्मरणिकेत छापायचं होतं. स्मरणिका निघाली नाही. मुखपृष्ठावर कोणाचा फोटो यावरून स्मरणिका समितीच्या दोन समित्या झाल्या आणि पुढे दोन्ही विसर्जित झाल्या. फोटो कॉम्प्युटरमधे राहिले. कॉम्प्युटर पंचांनी वाटला. आणि डबा कुलदीपनं केव्हाच भंगारात दिला, हे राजदीप अकरा वर्षं नातलगांना, शेजाऱ्यांना आणि एकदा एका तेरवीच्या पंगतीत उभं राहून सांगत आला होता.

फोन अर्थातच नूतननं केला.

मोटारसायकल फाटकाशी थांबली. पुढे कुलदीप, पोटऱ्यांपर्यंत धानाच्या रोवणीचा चिखल वाळलेला. मागे सत्यशीलाबाई, मांडीवर झाकणाचा पत्र्याचा डबा घट्ट धरून. जुलै लागलेला असल्यामुळे त्या सध्या धाकट्याच्या वाट्याच्या होत्या.

"जयभीम, भाऊ," कुलदीप म्हणाला.

"जयभीम," राजदीप म्हणाला. त्यापुढे अकरा वर्षांचं अंतर होतं. "रोवणी?"

"चालू हाय. बाया लावून आलो."

"बरं केलं."

इतकं बोलून दोघेही थकले.

"तुम्ही दोघं इथीच सभा भरवून राह्यले का?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मले उतरवा आधी. हात आखडले माहे या डब्यानं."

आत नव्या कॉम्प्युटरपुढे संघप्रिया बसली होती. गडचिरोलीच्या आयटीआयत ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, पंधरा वर्षं. पहिल्या गाडीनं आली होती आणि येताना संस्थेतून एक तार, एक लहान अ‍ॅडॉप्टर आणि रीतसर मागणीपत्राची प्रत घेऊन आली होती. करिश्मा तिच्या खुर्चीला खेटून उभी होती. चार दिवसांत पोरगी धड जेवली नव्हती. कोणी विचारलं तर 'होऊन जाईन' म्हणायची, आणि ते इतक्यांदा म्हणाली होती की आता कोणी विचारत नव्हतं.

कुलदीपनं डबा टेबलावर ठेवून झाकण उघडलं. आत काठोकाठ तांदूळ.

राजदीपनं पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. "मी डिस्क मागतली होती."

"डिस्कच हाय."

कुलदीपनं बाही सारून कोपरापर्यंत हात तांदळात घातला, जरा चाचपलं आणि विटेच्या तुकड्याएवढी एक धातूची वस्तू बाहेर काढली. तिच्यावरून तांदूळ ओघळले.

"कॉम्प्युटरचा डबा जळला ना पंधरा साली," तो सांगू लागला. "मेकॅनिक म्हणे डबा फेका, पण हे ठेवा, तुमच्या बाबाचं सारं यातच हाय. ओल लागू देऊ नका म्हणे. मंग मोबाईल भिजला की तांदळात ठेवतात ना लोकं? मी म्हणलं, चला. दर साली नवा तांदूळ भरतो."

"अन् जुना?" नूतननं विचारलं.

"खातो."

"डिस्कमधला तांदूळ?"

"काऊन वहिनी, एचएमटी तांदूळ हाय! जुना झाला तं अजून मोकळा शिजते."

संघप्रिया हसली. करिश्माही हसली, आणि आपण हसलो याचं तिला नवल वाटलेलं दिसलं. राजदीप हसला नाही. नऊ वर्षं हा माणूस दर हंगामाला ओल बसू नये म्हणून बापाच्या वस्तूवरचा तांदूळ बदलत आला, आणि आपण त्या तेरवीच्या पंगतीत काय बोललो, ते त्याला शब्दन् शब्द आठवलं. ते कुलदीपच्याही कानावर गेलं असणार. तेरवीतलं बोलणं चिमूरला एसटीच्या आधी पोचतं.

"ओलीचं बरोबर केलं तू," संघप्रिया डिस्क उलटीपालटी करत म्हणाली. "पण कोंडा पाह्य किती बसला इथी." तिनं मागचं तोंड दाखवलं. रुंद, दोन ओळींत चाळीस बारीक पिना, आणि त्यांच्या मुळाशी पिवळसर भुकटी. "जुनीचं तोंड असं रुंद राहते. नव्या कॉम्प्युटरात हे जागाच नसते. म्हणून मधात हे अ‍ॅडॉप्टर. याची एक बाजू जुनीले, दुसरी नव्याले."

"दुकानात नेली असती तं?" राजदीपनं विचारलं. तो सूचना करत होता; सूचना करणं हा त्याचा स्वभाव नव्हता, पदभार होता.

"बाबा, दुकानातला आत्याकडेच शिकला," करिश्मा म्हणाली.

संघप्रियानं तार जोडली, बटण दाबलं. डिस्क आतून घुरघुरली. पाची जण पडद्याकडे वाकले. पडद्यावर कारखान्यातूनच आलेलं निळ्या डोंगराचं चित्र होतं, ते तसंच राहिलं.

"गेली," राजदीप म्हणाला.

"काऊन गेली? फिरून तं राह्यली."

"फिरून काय होते? दिसत नाई ना. तांदळात कोणी ठेवते का बे मशीन?"

"अस्सं?" कुलदीप सरळ उभा राहिला. "मी तांदळात ठेवली. तुम्ही मॉनिटर कुठी ठेवला, थे सांगा. मले इथून दिसते. परसात कोंबडी बसली हाय त्याच्यात, अंड्यावर."

"थो बिघडला होता."

"बिघडला म्हून कोंबडीले देला? बाबाच्या वाट्याची वस्तू?"

"माह्यावाला कीबोर्ड जसाच्या तसा हाय," सत्यशीलाबाई खाटेवरून म्हणाल्या. "फडक्यात बांधून. दर दिवाळीले पुसतो." मग सगळ्यांकडे पाहून, "भांडा. करिश्माची सुनावणी सोमवारी हाय, तवरक भांडा."

हे ऐकून दोघं परत डिस्कवर वाकले. संघप्रियानं भांडणाकडे लक्षच दिलं नव्हतं. माहेरच्या भांडणात आपला वाटा नाही याची तिला कायदेशीर खात्री होती. तिनं दात घासायचा कोरा ब्रश मागून घेतला आणि पिनांमधला कोंडा झाडायला बसली. पुन्हा जोडलं. पुन्हा घुरघुर, पुन्हा डोंगर.

घड्याळात साडेनऊ. शनिवारची सकाळची शाळा, प्रफुल सर साडेअकराला कुलूप लावून ब्रह्मपुरीला घरी जायचे, ते थेट सोमवारी उगवायचे. आणि सोमवारी दुपारी चंद्रपूरला सुनावणी. राजदीपनं हे गणित मनातल्या मनात चार वेळा केलं आणि चारी वेळा ते तसंच आलं.

"आलं लक्षात," संघप्रिया म्हणाली. पिनांशेजारी एक इवलंसं काळं टोपण होतं, मसुराच्या दाण्याएवढं. "बाबांनी मागून एक दुसरी डिस्क बसवली होती ना? एका पट्टीवर दोन डिस्का लावल्या की एक मास्टर करा लागते, एक स्लेव्ह. हे टोपण जिथी लावलं, तसं ठरते. ही स्लेव्ह हाय. एकटी जोडली तं उत्तरच देत नाई."

"स्लेव्ह म्हणजे?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

करिश्मानं जरा थांबून सांगितलं, "गुलाम, आजी."

भिंतीवरच्या फ्रेमा होत्या तिथेच होत्या.

"तुह्या आजोबाच्या घरात?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. "कोणं केलं याले गुलाम?"

"कंपनीनंच नाव तसं ठेवलं, माय."

"अन् मालक कुठी हाय मंग? दुसरी?"

"थे डब्यासंगं जळली," कुलदीप म्हणाला.

"मालक जळून गेला, अन् हे नऊ वर्षं झाले हुकूम येईन म्हून तांदळात पडून हाय?" सत्यशीलाबाईंनी कपाळाला हात लावला. "काढ व बाई ते टोपण. आत्ताच्या आत्ता काढ."

संघप्रियानं सुईच्या टोकानं टोपण उचललं आणि दोन घरं सरकवून बसवलं. तिसऱ्यांदा जोडलं. डिस्क घुरघुरली, कॉम्प्युटरनं भांडं पडल्यासारखा एक आवाज केला, आणि डोंगरावर एक लहान खिडकी उघडली.

कुलदीपनं टाळी वाजवली. मग भावाकडे पाहून ती अर्धीच ठेवली.

खिडकीत एकच पिवळा फोल्डर होता. राजदीपनं माउस मागितला. थोरला म्हणून, मुलीचा बाप म्हणून आणि एकूणच. त्यानं फोल्डरवर टिचकी मारली. पडद्यावर आलं की या फोल्डरात जायची तुम्हाला परवानगी नाही. खाली एक बटण : कंटिन्यू.

राजदीपचा हात थांबला. "परवानगी कोणाकडं मागायची?"

"यालेच. बटण दाब."

"नाई म्हणते, अन् वरून पुढं जा म्हणते?"

"एकदा मागितली की देते, भाऊ. सारे हापिसं तुमच्यासारखे नसतात," संघप्रिया म्हणाली.

राजदीपनं डोळे मिटल्यासारखं करून बटण दाबलं. एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. ती सरकत असताना नूतननं सगळ्यांना पोहे दिले, आणि कोणाच्या लक्षात न येता दोघे भाऊ एकाच बाकावर बसून खायला लागले. दहा वाजून पाच मिनिटांनी फोल्डर उघडला. आत बापूरावांच्या शिस्तीत तीन फोल्डर : आवक, जावक, संकीर्ण. आवक रिकामा, जावक रिकामा. संकीर्णात सहाशे तेरा फोटो.

पहिलाच फोटो उघडला आणि सगळे एकदम पुढे सरकले. रजिस्टराचं पान. पिवळं, कडा कुरतडलेल्या, बोरूनं लिहिलेले रकाने : दाखल नंबर, तारीख, मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, शेरा. आणि पानाच्या मधोमध, एका ओळीला लागून, ठेवलेली एक आगकाडी.

"ही काडी कायची?" राजदीपनं विचारलं.

"मामाजी ठेवत," नूतन म्हणाली. "त्या ओळीत आपला माणूस असला की काडी. मीच देत होती आगपेटी भरून."

मग राजदीपचं काम सुरू झालं. अशा कामात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. पान, काडी, नाव. पान, काडी, नाव. 'तुकाराम. पुढे. लक्ष्मण. पुढे. फागो. पुढे.' आवाज कार्यालयीन होत गेला. पाठ ताठ झाली. दुसऱ्यांची माणसं होती ती सगळी, कोणाचे तरी आजे-पणजे, शाळेच्या पडवीत बसून शिकलेले. एरवी बापूरावांनी प्रत्येकाची कथा सांगितली असती. आज राजदीपला फक्त झाडूंच्या घरातलं एक नाव हवं होतं.

दहा पन्नासला बेलटोल्याची पानं सुरू झाली. त्याच्या बोटाचा वेग वाढला. 'महादेव. पुढे. पोरगी. पुढे. सोमा. पुढे.'

"मागं घे," संघप्रिया म्हणाली.

"काय झालं?"

"एक मागं घे."

"थे पोरगी होती."

"म्हूनच मागं घे. बेलटोल्यात एक्केचाळीस साली आपल्यातली पोरगी शाळेत? पाहू तं दे."

"प्रिया, टाइम पाह्य. सुनावणीत पोरीचं काय..." राजदीप म्हणाला, आणि मग बहिणीकडे पाहून त्यानं वाक्य तसंच सोडलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वाटणीच्या चहाच्या वेळीही नव्हता. त्यानं फोटो मागे घेतला.

काडीपुढे अक्षर स्वच्छ होतं. संघप्रियानं मोठ्यानं वाचलं, "दाखल नंबर एकशे बारा. सात जुलै एकोणीसशे एक्केचाळीस. भागीरथा. बापाचं नाव..." ती थांबली. "झाडू. जात महार. राहणार बेलटोला."

सत्यशीलाबाई खाटेवरून उठून उभ्या राहिल्या. "भागीरथाबाई! तुह्या बाबाची मोठी बहीण. सिरोंच्याले देली होती थे."

राजदीपला आत्या आठवली. दर उन्हाळ्यात गोदावरीकडची सुकी मासळी घेऊन यायची, आल्या आल्या पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि चिडली की तेलुगूत बोलायची. लेकरू नव्हतं तिला. सत्तरी गाठायच्या आतच गेली. त्याच्या मनात ती नेहमी पाहुणी होती. घरातली माणसं म्हणून जी यादी होती, तिच्यात ती कधी आलीच नव्हती.

"आत्या शाळेत गेली होती?" तो म्हणाला. "माय, तुले माहीत होतं?"

"मले कोण सांगन? मी नवी सून. अन् बाईले कोणी विचारलं का कधी, तू शिकली का म्हून?"

"पण चालते का?" कुलदीपनं विचारलं. "भाऊ, बापाची आत्या चालते का पुराव्याले?"

हा प्रश्न तालुक्यात राजदीपइतका कोणालाच नीट सोडवता आला नसता. त्याला समितीचं पत्र पाठ होतं. तरी त्यानं फाईल उघडून पत्र काढलं आणि चष्मा लावून वाचलं : अर्जदाराच्या वडिलांकडील रक्ताच्या नातेवाईकाचा पुरावा. नातेवाईकाचा. त्यात पुरुष म्हटलेलं नव्हतं. कुठेच म्हटलेलं नव्हतं. ती अट समितीनं घातली नव्हती. ती त्यानं स्वतः, पट्टी-पेन्सिल घेऊन, आपल्याच फायलीवर घातली होती. प्रफुल सरांनी नावं शोधली नव्हती असं नाही. त्यांना दिलेल्या नावांत हे नाव नव्हतं.

एकोणतीस वर्षांत कुठल्या अर्जदाराला त्यानं असं फिरवलं नव्हतं.

"चालते," तो म्हणाला. "रक्ताचं नातं हाय. पण वंशावळ बदला लागन. आत्या वंशावळीत नाई."

करिश्मानं ती सुबक वंशावळ पुढे ओढली. झाडूंच्या नावाखालून तिनं एक रेघ काढली, बापूरावांच्या आधी, थोरली म्हणून, आणि लिहिलं : भागीरथा. रेघ जराशी वाकडी आली. मग पेन तसंच धरून तिनं बापाकडे पाहिलं.

"आत्याले पण घेऊ? संघप्रिया आत्याले?"

"पुराव्याले गरज नाई तिची," राजदीप सवयीनं म्हणाला. मग म्हणाला, "घे. कुलदीपच्या आधी घे. थे मोठी हाय त्याच्यापेक्षा."

"दीड वर्षानं," कुलदीप म्हणाला. "पण मारे दहा वर्षाच्या हिशोबानं."

संघप्रिया तार गुंडाळायला लागली. अजून गुंडाळायची गरज नव्हती, पण तिला काहीतरी गुंडाळायचं होतं.

दहा अठ्ठावन्नला राजदीपनं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"सर, राजदीप चहांदे बोलून राह्यलो. साल एक्केचाळीस. नंबर एकशे बारा."

"आँ? सापडला का?" प्रफुल सर म्हणाले. "थांबा, ठेवू नका."

फोनमधून कपाटाचं दार करकरलं. काहीतरी पडलं. पोरं कुठेतरी पाढे म्हणत होती. सर दोनदा शिंकले, एकदा उंदराला काहीतरी म्हणाले. नागभीडच्या त्या खोलीत सहा माणसं एका मोबाईलभोवती शेकोटीसारखी बसली होती आणि करिश्मानं आजीचा पदर मुठीत धरला होता, लहानपणी धरायची तसा. नूतनच्या हातातला पोह्याचा चमचा हवेत तसाच होता.

फोटो ही नुसती खूण होती, हे राजदीपला पक्कं ठाऊक होतं. समितीपुढे फोटो चालत नाही. रजिस्टर जागेवर असलं पाहिजे, पान शाबूत असलं पाहिजे, मुख्याध्यापकाची सही आणि शिक्का पाहिजे. फोटो काढला त्याला अठरा पावसाळे झाले होते. अठरा पावसाळ्यांत वाळवी किती पानं खाते, याचा त्याला दांडगा अनुभव होता.

"साहेब."

"बोला सर."

"हाय. पान हाय. कोपरा खाल्लेला हाय, पण ओळ साबूत हाय. भागीरथा, बापाचं नाव झाडू. सात सात एक्केचाळीस. जात हाय लिहिली. शेरा वाचू का?"

"वाचा."

"सतत गैरहजर, सबब नाव कमी केले. नोव्हेंबर एक्केचाळीस."

चार महिने. सत्यशीलाबाईंनी मान हलवली, असंच असणार म्हणून. फोटोत हा रकाना कापला गेला होता.

"चालते सर, तेवढंच पुरे," राजदीप म्हणाला. "आम्ही आत्ताच निघतो. उतारा तयार..."

"थांबा हो साहेब, ऐका तं. इथी शेऱ्याखाली दुसऱ्या शाईनं लिहिलं हाय. पुढे पाहा, नंबर एकशे सत्तेचाळीस. पाहतो." पान उलटल्याचा आवाज आला. मग आणखी एक. पाढे आता सोळावर आले होते. "हे पाहा. जून त्रेचाळीस. भागीरथा, बाप झाडू, तेच गाव. अन् शेऱ्यात..."

सरांनी ओळ नीट लावून वाचली, पोरांना धडा वाचून दाखवतात तशी.

"पुन्हा दाखल."

राजदीपनं वंशावळीवर भागीरथाच्या नावाखाली बोट ठेवलं. फोनमधून सर विचारत राहिले, साहेब, हाय का लाइनवर, दोन्ही उतारे देऊ का एकच?

"दोन्ही," संघप्रिया म्हणाली. "दोन्ही द्या, सर."

"काय झालं?" सत्यशीलाबाईंनी विचारलं. त्यांना शेवटचं नीट ऐकू आलं नव्हतं. "काय म्हणे मास्तर?"

"परत आली होती," राजदीप म्हणाला. "आत्या. नाव कमी केलं होतं तिचं. दीड वर्षानं परत शाळेत आली."

सत्यशीलाबाईंनी हे ऐकून घेतलं. मग त्यांनी कुलदीपकडे पाहिलं, राजदीपकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या मोटारसायकलकडे पाहिलं.

"मंग बसून काय राह्यले दोघं?" त्या म्हणाल्या. "साडेअकराले शाळा सुटते."